किती हांकांस ओ द्यावी?

हांक ऐकूं आली कीं ओ द्यावी, हा घरांतला जुना शिष्टाचार आहे. परंतु दारावरची घंटा एखाद्या द्वाड मुलानें एका दमांत वीस वेळां वाजविली, म्हणून घरांतलें माणूस वीस वेळां दार उघडावयास उठत नाहीं. तें एकदांच उठतें, एकदांच कडी काढतें, आणि उरलेल्या एकोणीस घंटा त्याच एका हांकेंत जमा धरतें. ही समज माणसास कोणी शिकवावी लागत नाहीं. यंत्रास मात्र ती शिकवावी लागते. कारण यंत्राच्या ठिकाणीं आज्ञाधारकपणा पुष्कळ असला, तरी तारतम्य नसतें. वीस हांका आल्या तर तें वीस वेळां ओ देतें, आणि पुष्कळदां त्या ओ देण्यांतच त्याचें खरें काम राहून जातें.

संगणकाच्या ज्या आज्ञावली कांहीं घडण्याची वाट पाहत बसतात आणि घडतांच हालचाल करतात, त्यांच्यापुढें हा प्रश्न रोज उभा असतो. किती घटनांस उत्तर द्यावें, केव्हां द्यावें, आणि कोणत्या घटना मुकाट्यानें सोडून द्याव्या? प्रश्न संगणकशास्त्रांतला खरा. पण त्याचें एक बोलकें उदाहरण विदर्भांतल्या एका रानांत सांपडतें, आणि तेथें या प्रश्नाच्या उत्तराशीं माणसांचे व जनावरांचे प्राण निगडित असतात.

यवतमाळ जिल्ह्यांत, नागपुराहून हैदराबादेस जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, पांढरकवडा हें गांव आहे. केळापूर तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. भोंवतालीं कापसाचीं व तुरीचीं शेतें, आणि त्यांना लागूनच सागाचें रान. सुमारें १४८ चौरस किलोमीटर क्षेत्राचें टिपेश्वर अभयारण्य येथून जवळच आहे. शेत कोठें संपलें आणि रान कोठें सुरू झालें, हें या भागांत सांगणें कठीण. माणसास कठीण, तसेंच वाघासहि कठीण. २०१६ ते २०१८ या काळांत पांढरकवडा वनविभागांतील राळेगांवच्या परिसरांत झालेले तेरा माणसांचे मृत्यू एका वाघिणीच्या नांवावर मांडले गेले. वनखात्याच्या टिपणांत तिचें नांव टी-१ असें होतें. वृत्तपत्रांतून ती ‘अवनी’ या नांवानें देशभर गाजली. तिच्याबरोबर दोन पिलें होतीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि शेवटीं २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं ती वाघीण गोळीनें मारली गेली. त्यानंतर २२ डिसेंबर रोजीं तिचें मादी पिलूं जिवंत पकडण्यांत आलें.

त्या घटनेवरून उठलेला वाद येथें पुन्हां उकरण्याचें कारण नाहीं. प्रस्तुत विषयापुरतें महत्त्वाचें एवढेंच कीं, त्या शोधाच्या दिवसांत रानांतल्या पायवाटांवर झाडांस बांधलेले कॅमेरे हे वनखात्याचे डोळे होते. वाघीण काल कोठें होती, कोणत्या दिशेनें गेली, पिलें बरोबर होतीं कीं नव्हतीं, हें सारें पावलांच्या ठशांवरून आणि या कॅमेऱ्यांवरूनच समजावयाचें. आणि हे कॅमेरे म्हणजे घटनेवर चालणाऱ्या आज्ञावलीचा मूर्तिमंत नमुना होत.

अशा कॅमेऱ्यास कॅमेरा-सापळा म्हणतात. परंतु त्यांत जनावर अडकत नाहीं, अडकते ती केवळ त्याची छबी. पेटीच्या तोंडाशीं उष्णतेचे अदृश्य किरण ओळखणारें एक लहानसें साधन बसविलेलें असतें. समोरच्या दृश्यांत भोंवतालाहून अधिक ऊन असें कांहीं सरकलें, कीं या साधनास फरक जाणवतो, आणि तें झोंपलेल्या कॅमेऱ्यास जागें करतें. कॅमेरा चित्र टिपतो आणि पुन्हां झोंपीं जातो. जोंवर कांहीं घडत नाहीं, तोंवर तो जवळजवळ कांहींच खर्च करीत नाहीं. म्हणूनच तो आठवडेच्या आठवडे एकटा रानांत राहूं शकतो.

आतां अडचण पाहावी. दुपारच्या उन्हांत तापलेलें गवत वाऱ्यानें हललें, तरी त्या साधनास तें जनावराप्रमाणेंच भासतें. वाटेनें गुरांचा कळप परत येऊं लागला, तर प्रत्येक गाय ही एक नवी हांक ठरते. एखादें सांबर कॅमेऱ्यासमोरच चरत उभें राहिलें, तर त्याच्या मानेच्या प्रत्येक हालचालीस एक चित्र निघेल. बॅटरीची शक्ति मोजकी, चित्रें सांठविण्याची जागाहि मोजकी. एका दुपारच्या गवतानें ती जागा भरून टाकली, तर त्याच रात्रीं समोरून वाघीण गेली तरी तिची नोंद व्हावयाची नाहीं. ज्या हांकेसाठीं पहारा बसविला, नेमकी तीच हांक आली तेव्हां पहारेकरी थकलेला, असें होईल.

यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यास एक विश्रांतिकाळ ठरवून देतात. एक चित्र, किंवा लागोपाठ तीन चित्रांचा एक झुबका, टिपून झाला, कीं त्यानंतर अमुक सेकंदपर्यंत समोर कांहींहि हललें तरी दुर्लक्ष करावें, अशी आज्ञा त्यास दिलेली असते. हा काळ किती असावा, हें कॅमेरा लावणारा मनुष्य ठरवितो. आणि येथेंच खरें तारतम्य लागतें. काळ फार थोडा ठेवला, तर गवताची आणि गुरांची गर्दी होते. काळ फार मोठा ठेवला, तर त्याहून गंभीर चूक होऊं शकते. वाघीण पुढें चालते आणि पिलें कांहीं पावलें मागून येतात. वाघिणीचें चित्र टिपून कॅमेऱ्यानें पांच मिनिटें डोळे मिटले, तर पिलें त्या अवधींत निघून जातील, आणि वाघीण एकटीच फिरते आहे असा निष्कर्ष कागदावर येईल. चित्र खोटें नसेल. पण त्यावरून काढलेलें अनुमान खोटें ठरेल. जेथें पिलांचाहि जीव वांचवावयाचा आहे, तेथें ही चूक लहान म्हणतां येत नाहीं.

हांकांची संख्या किती वाढूं शकते, याची कल्पना एका सरकारी आंकड्यावरून येईल. २०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावले होते. त्यांनीं वन्यजीवांचीं ३,४८,५८,६२३ चित्रें टिपलीं. त्यांपैकीं वाघांचीं चित्रें ७६,६५१ आणि बिबट्यांचीं ५१,७७७. म्हणजे सुमारें साडेचारशें चित्रांमागें वाघाचें एक, असें प्रमाण पडलें. रानांतल्या हांका कोट्यवधि. त्यांतल्या ज्या हांकेसाठीं कान टवकारलेले, ती साडेचारशांत एक.

यापुढचीहि एक पायरी आहे. चित्रें हातीं आल्यावर शास्त्रज्ञ तीं जशींच्या तशीं मोजीत नाहींत. सुमात्रा बेटांतील वाघांविषयींच्या २००३ सालच्या एका अभ्यासांत, एकाच जागीं एकाच जातीच्या जनावराचीं अर्ध्या तासाच्या आंत निघालेलीं चित्रें ही एकच भेट धरण्याचा नियम केला होता, आणि अर्ध्या तासाचा तो नियम पुढें पुष्कळ अभ्यासकांनीं स्वीकारला. म्हणजे हांकांवर मर्यादा दोनदां पडते. एकदां टिपतांना आणि एकदां मोजतांना. या दोहोंत मोठा फरक आहे. मोजतांना घातलेली मर्यादा चुकीची वाटली, तर बदलून पुन्हां मोजतां येतें. टिपतांना जें सोडलें, तें कायमचें गेलें. म्हणून सांठवण परवडत असेल तेथवर टिपतांना उदार असावें आणि मोजतांना काटेकोर, हें धोरण शहाणपणाचें होय.

आतां रानांतून संगणकाच्या पडद्यावर यावें. जालावरचें एखादें पान वाचतांना वाचक बोटानें तें वर सरकवितो. त्यास वाटतें कीं आपण एकदांच सरकविलें. परंतु पान दाखविणारा ब्राउझर त्या एका सरकविण्यांत सेकंदास साठपर्यंत घटना जाहीर करतो. पान इतकें सरकलें, आणखी इतकें सरकलें, आणखी इतकें. या घटनेशीं आज्ञावलीचा एखादा भाग बांधून ठेवलेला असतो. अशा भागास फंक्शन म्हणतात. आणि घटना घडतांच ब्राउझर त्या फंक्शनला हांक मारतो. फंक्शनचें काम हलकें असेल, तर कोणास कांहीं कळत नाहीं. काम जड असेल, तर पहिली हांक पुरी होण्यापूर्वीं दुसरी येऊन उभी राहते, तिच्यामागें तिसरी, आणि पडदा अडखळूं लागतो. दोष सारा मोजमापाचा असतो. वाचकाला मात्र यंत्र बिघडल्यासारखें वाटतें.

याचें एक गाजलेलें उदाहरण २०११ सालच्या आरंभीं घडलें. ट्विटर या नांवानें तेव्हां प्रसिद्ध असलेल्या संस्थळाचें पान सरकवितांना अतिशय मंद होऊं लागलें. जॉन रेसिग या जाणत्या प्रोग्रामरनें त्याचें कारण उलगडून दाखविलें. पान सरकण्याच्या प्रत्येक घटनेशीं एक फंक्शन बांधलें होतें, आणि तें फंक्शन दर खेपेस पानांतील तीच वस्तु नव्यानें शोधीत बसे. रेसिगनें दिलेली तोड सोपी होती. घटना घडली कीं फक्त ‘पान सरकलें’ एवढी खूण करून ठेवावी. आणि दर २५० सहस्रांश सेकंदांनीं, म्हणजे पाव सेकंदानें, ती खूण आहे कीं नाहीं हें पाहून काय तें काम एकदांच करावें. शिवाय जी वस्तु एकदां सांपडली, ती पुन्हां न शोधतां जवळ ठेवावी.

या तोडग्याच्या मुळाशीं असलेल्या रीतीस ‘थ्रॉटल’ म्हणतात. हा शब्द एंजिनांतला आहे. एंजिनाकडे जाणारी वाफ किंवा इंधन कमीजास्त करणाऱ्या झडपेचें तें नांव. आज्ञावलींत त्याचा अर्थ असा कीं, हांका कितीहि येवोत, ठराविक अवधींत एकीहून अधिक हांकेस ओ द्यावयाची नाहीं. त्यासाठीं आज्ञावलीस फक्त एकच गोष्ट लक्षांत ठेवावी लागते: मागची ओ कितव्या क्षणीं दिली. नवी हांक येतांच ती आतांच्या वेळेंतून मागची वेळ वजा करते. अवधि पुरा झाला असेल तर काम करते आणि वेळेची नोंद बदलते. झाला नसेल तर हांक सोडून देते. दोन सेकंद पान सरकत राहिलें तर हांका सुमारें एकशें वीस येतील; पाव सेकंदाचा थ्रॉटल लावला तर काम आठ-नऊ वेळांच होईल. वाचकाच्या डोळ्यास फरक दिसणार नाहीं, आणि यंत्राचें ओझें दहा पटींहून अधिक उतरेल.

टिपेश्वरच्याच एका वाघानें या रीतीचें बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही दाखविलीं आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्यें तेथील एका तरुण नर वाघाच्या गळ्यांत उपग्रहाशीं संपर्क ठेवणारा पट्टा घालण्यांत आला. पुढें हा वाघ स्वतःच्या हद्दीच्या शोधार्थ निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या अनेक जिल्ह्यांतून फिरत डिसेंबर २०१९ मध्यें बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. ‘वॉकर’ या नांवानें तो प्रसिद्ध झाला. सुमारें नऊ महिन्यांत त्यानें ३,००० किलोमीटरांहून अधिक चाल केली, आणि पट्ट्यानें तासातासाला केलेल्या नोंदी ५,००० हून अधिक झाल्या.

हा पट्टा घटनेवर नव्हे, घड्याळावर चालतो. तथापि त्यामागचा हिशेब थ्रॉटलचाच आहे. वाघाच्या प्रत्येक पावलाची नोंद उपग्रहामार्फत घ्यावयाची म्हटलें, तर बॅटरी पाहतां पाहतां संपेल. तासास एक नोंद घेतली, तर ती महिनेच्या महिने पुरते. परंतु त्याची किंमतहि मोजावी लागते. दोन नोंदींच्या मध्यें वाघ सरळ गेला, कीं नाल्यानें वळसा घालून गेला, हें पट्टा सांगत नाहीं. बिंदूस बिंदू सरळ रेषेनें जोडून जें अंतर निघतें, त्याहून प्रत्यक्ष चाल नेहमीं अधिकच असावयाची. थ्रॉटल लावणाऱ्यानें हें विसरूं नये कीं, त्यानें वळणें गाळलीं आहेत.

दुसरी रीत निराळी आहे. तिचें नांव ‘डिबाउन्स’. हा शब्द विजेच्या बटणावरून आला. बटण दाबलें कीं आंतल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींस भिडतात; पण भिडतांना त्या चेंडूप्रमाणें कांहीं सहस्रांश सेकंद उसळतात. माणसास एकदांच ‘टक्’ असें ऐकूं येतें. वेगवान यंत्रास मात्र तेवढ्या अवधींत बटण अनेकदां दाबलें-सोडल्याचें दिसतें. म्हणून यंत्र बांधणारे उसळी शमण्याची वाट पाहावयास शिकले. आज्ञावलींतहि तसेंच करतात. हांक आली कीं लगेच उठावयाचें नाहीं. लहानसा अवधि मोजावयास लागावें. तेवढ्यांत दुसरी हांक आली, तर मोजणी रद्द करून पुन्हां पहिल्यापासून सुरू करावी. हांका थांबून अवधि शांततेंत गेला, म्हणजे मग एकदांच ओ द्यावी.

याचा उपयोग शोधाच्या चौकटींत उत्तम दिसतो. एखादा मनुष्य संगणकावर ‘पांढरकवडा’ हें नांव देवनागरींत लिहूं लागला, तर त्यास काना, अनुस्वार धरून नऊ कळा दाबाव्या लागतात. प्रत्येक कळीला शोध सुरू झाला, तर दूरच्या संगणकाकडे नऊ प्रश्न जातील. पहिला प्रश्न नुसत्या ‘प’चा, त्यास उत्तर म्हणून महाराष्ट्रांतलीं पुणें, पनवेल, परभणी, पंढरपूर अशीं सारीं गांवें निघून येतील, आणि तीं कोणासच नको असतील. त्यांतहि आणखी एक पेंच आहे. आधीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मागाहून पोंचूं शकतें. तसें झालें तर नांव पुरें लिहिलेलें असतांहि पडद्यावर ‘प’चीं उत्तरें दिसत राहतील. कळा थांबल्यावर तीनशें सहस्रांश सेकंद वाट पाहून विचारलें, तर नवांच्या जागीं बहुधा एकच प्रश्न जातो. तथापि उत्तरांच्या उलटापालटीची भीति डिबाउन्सनें पुरती जात नाहीं. शेवटच्या प्रश्नाखेरीज दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर टाकून द्यावें, ही खबरदारी वेगळी घ्यावीच लागते.

थोडक्यांत, थ्रॉटल म्हणजे बोलणें चालूं असतां ठराविक अंतरानें मान डोलाविणें, आणि डिबाउन्स म्हणजे समोरच्याचें बोलणें संपल्यावर एकदां उत्तर देणें. दोन्ही रीती चांगल्या. पण एकीच्या जागीं दुसरी घातली, तर अनर्थ होतो. तो कसा, हें पाहण्यासाठीं पुन्हां रानाकडेच वळावें.

अलीकडे असे कॅमेरे निघाले आहेत, कीं चित्रांत वाघ ओळखतांच ते तें चित्र वनरक्षकाच्या फोनवर धाडतात. कल्पना करावी, कीं कापसाच्या वेंचणीच्या दिवसांत गांवाजवळच्या नाल्यावर असा एक कॅमेरा बसविला आहे. वाघ येऊन त्या कॅमेऱ्यासमोरच तासभर फिरत, बसत, उठत राहिला. मर्यादा मुळींच घातली नसेल, तर वनरक्षकाचा फोन शंभर वेळां वाजेल. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टींतल्या गांवकऱ्यांप्रमाणें त्याचा कान मरेल. तो फोनचा आवाज बंद करील, आणि पुढच्या हांकेच्या वेळीं गांवास कोणी सावध करणार नाहीं. मर्यादा नसणें ही दक्षता नव्हे.

समजा, आज्ञावली लिहिणाऱ्यानें येथें डिबाउन्स लावला: पांच मिनिटें हालचाल थांबली म्हणजे एकदां कळवावें. वाघ तासभर फिरत राहिला, तर मोजणी तासभर पुन्हां पुन्हां पहिल्यापासून सुरू होईल, आणि वनरक्षकास वर्दी मिळेल ती वाघ निघून गेल्यानंतर पांच मिनिटांनीं. आज्ञावलींत एकहि अक्षर चुकलेलें नसेल, आणि तरी ती सर्वस्वी निरुपयोगी ठरेल. हांका सारख्या येत राहिल्या तर डिबाउन्स उपाशी राहतो, हा त्याचा मूळ दोष आहे. म्हणून तो लावतांना ‘कितीहि झालें तरी इतक्या वेळापलीकडे थांबावयाचें नाहीं’ अशी कमाल मुदत घालून देण्याची सोय चांगल्या साधनांत ठेवलेली असते.

वर्दीसाठीं योग्य रीत ही कीं, पहिल्या हांकेस तत्क्षणीं ओ द्यावी आणि मग कांहीं काळ झडप मिटावी. संगणकाच्या भाषेंत यास अवधीच्या आरंभींची ओ म्हणतात. पण आरंभीं ओ देऊन झडप मिटली आणि मिटलेल्या काळांत शेवटची हांक येऊन गेली, तर ती हरवते. आणि पुष्कळदां शेवटची हांकच महत्त्वाची असते. पान सरकून शेवटीं कोठें थांबलें, वाघ अखेर कोणत्या दिशेनें गेला, वाघिणीमागून कोण गेलें, हें शेवटची हांकच सांगते. म्हणून झडप उघडतांच, मधल्या काळांत हांक येऊन गेली असेल तर, तींतली शेवटची उचलून आणखी एकदां ओ द्यावी. आरंभीं एक आणि अखेरीस एक, अशा दोन्ही टोंकांनीं बांधलेली मर्यादा बहुतेक कामीं निर्धोक ठरते.

आणखी एक चूक वारंवार घडते. दहा कॅमेरे आणि त्या सर्वांस मिळून एकच झडप, अशी मांडणी केली, तर पूर्वेकडील कॅमेऱ्यानें वर्दी देऊन झडप मिटली असतां पश्चिमेकडील कॅमेऱ्यासमोर आलेला दुसरा वाघ कोणासच कळणार नाहीं. गवतासमोरच्या एका बडबड्या कॅमेऱ्यानें नऊ शांत कॅमेऱ्यांचीं तोंडें बंद होतील. म्हणून नोंद ज्याची त्याची वेगळी हवी. प्रत्येक कॅमेऱ्यास स्वतःची झडप, स्वतःची शेवटची वेळ. उलट टोंकाची चूक अशी कीं, हांक येतांच दर खेपेस नवीन झडप तयार करावयाची. नव्या झडपेस मागची वेळ ठाऊकच नसते. ती प्रत्येक हांकेस पहिलीच समजते आणि सर्वांना आंत सोडते. मर्यादा कागदावर दिसते, प्रत्यक्षांत नसते. नवशिक्या प्रोग्रामरचे दिवस या एका चुकीपायीं वायां जातात.

आतां एक शेवटचा भेद सांगणें अवश्य आहे. थ्रॉटल आणि डिबाउन्स या दोन्ही रीती जास्तीच्या हांका टाकून देतात. जेथें हांका एकमेकींसारख्याच असतात, तेथेंच हें चालतें. पान सरकण्याची पन्नासावी घटना टाकली तरी एक्कावन्नावीत तीच माहिती अधिक ताजी होऊन येते. परंतु पांढरकवड्याच्या कापसाच्या बाजारांत हंगामांत गाड्यांची रांग लागते, तेथें कोणी शेतकऱ्यास असें म्हणूं शकत नाहीं, कीं तुमची गाडी मागच्या गाडीनंतर पांच मिनिटांच्या आंतच आली, सबब ती धरली जाणार नाहीं. वजनकांट्याचा वेग ठरलेला आहे, जिनिंगच्या यंत्राचाहि ठरलेला आहे. पण प्रत्येक गाडी निराळ्या मालकाची, आणि प्रत्येकीचें वजन झालेंच पाहिजे. तेथें उपाय रांगेचा. कामाचा वेग मर्यादित ठेवावयाचा, पण आलेल्यास परत लावावयाचें नाहीं. आज्ञावलींतहि पैशांची देवघेव, औषधाची नोंद, अर्जदाराचा अर्ज अशा हांका रांगेंतच लावाव्या लागतात. तेथें कोणी थ्रॉटल लावला, तर तो वेग वाढवीत नाहीं, हक्क बुडवितो. मात्र एकाच मनुष्यानें घाईनें एकच बटण दोनदां दाबलें, तर पैसे दोनदां कापले जाऊं नयेत, यासाठीं प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक देऊन दुसरी हांक ओळखावी. केवळ वेळ मोजून तें काम होत नाहीं.

म्हणून मर्यादा घालण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे, असें या सर्व विवेचनावरून ठरतें. पहिला, टाकलेली हांक पुढच्या हांकेनें भरून निघते काय? निघत नसेल तर रांग लावावी. दुसरा, उत्तर चालूं असतां हवें कीं संपल्यावर? चालूं असतां हवें तर थ्रॉटल, संपल्यावर चालत असेल तर डिबाउन्स, आणि त्यासहि कमाल मुदतीची कडी. तिसरा, अवधि किती? याचें उत्तर यंत्रांत नसतें. तें ज्याच्यासाठीं काम करावयाचें, त्याच्या स्वभावांत असतें. पडद्यावरचें चित्र सेकंदास साठ वेळां बदलत असेल, तर त्याहून अधिक वेळां तें रंगविण्यांत अर्थ नाहीं. लिहिणाऱ्याच्या बोटांस अक्षरा-अक्षरांमध्यें जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडा अधिक अवधि शोधाच्या चौकटीस पुरतो. आणि रानांतल्या कॅमेऱ्याचा अवधि वाघिणीच्या आणि तिच्या पिलांच्या पावलांमधील अंतरावरून ठरवावा लागतो. तो कचेरींत बसून गोल आंकड्यानें ठरविल्यास चुकतो.

प्रत्येक मर्यादा म्हणजे कांहीं हांका न ऐकण्याचा घेतलेला निर्णय असतो. तो निर्णय आवश्यक आहे, कारण सर्वच ऐकूं पाहणाऱ्यास शेवटीं कांहींच ऐकूं येत नाहीं. परंतु तो कोणी घेतला, किती अवधीचा घेतला, आणि त्यांत कोणाची हांक बुडण्याचा संभव आहे, हें आज्ञावलीच्या शेजारीं सरळ शब्दांत लिहून ठेवणें, हें ती लिहिणाऱ्याचें कर्तव्य आहे. रानाच्या कडेला कापूस वेंचणाऱ्या बाईस तो आंकडा कधीं दिसणार नाहीं. पण तिला वेळेवर सावध करणारी वर्दी येईल कीं नाहीं, हें त्या आंकड्यावरच ठरणार आहे.